बागायती जंत

बारामती तालुक्यात कुणाचीही ओळख करून घेताना गावाच्या नावापाठोपाठ एक गोष्ट आपोआप कळते: माणूस बागायती पट्ट्यातला आहे की जिरायती. सोयरीक ठरवताना ती पाहिली जाते, निवडणुकीत ती ऐकू येते, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ती दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि त्याच्या पाण्याखाली आलेल्या जमिनीत ऊस उभा राहिला. जिथे पाणी पोचलं नाही तिथे बाजरी, ज्वारी, माळरान आणि मेंढरं राहिली. हाच कालवा पुढे इंदापूर तालुक्यात जातो. तिथे दुसऱ्या बाजूने उजनी धरणाचा फुगवटा येऊन टेकलेला. पाऊस मात्र सगळीकडे सारखाच बेताचा, वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि इकडे फक्त सावली देऊन जातात.

कुत्र्याच्या पोटातून माणसाच्या पोटात जाणाऱ्या जंतांविषयीच्या प्रकरणाची सुरुवात कालव्यापासून करायला कारण आहे. भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की आपण लगेच आकडा विचारतो. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली आणि त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात होती. चावा आणि रेबीज यांच्या बाबतीत हा आकडा बरंच काही सांगतो, कारण रेबीजचा विषाणू थेट दातातून रक्तामांसात जातो, त्याला मधे कुठे थांबावं लागत नाही. जंताचं तसं नाही. कुत्र्याच्या शरीरातून बाहेर पडल्यापासून दुसऱ्या शरीरात शिरेपर्यंत त्याला बहुधा काही दिवस, कधी काही वर्षं, जमिनीवर काढावी लागतात. त्या मुक्कामात ऊन लागलं, माती वाळली, की खेळ संपला. म्हणून जंतांच्या बाबतीत कुत्री किती हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा जमिनीचा आहे, आणि शहर मुख्यतः जमीनच बदलतं.

आकडीकृमीपासून सुरू करू. पशुवैद्यकाच्या दवाखान्यात रक्तक्षय झालेलं, हिरड्या पांढऱ्या पडलेलं पिल्लू आणलं की डॉक्टरांचा पहिला संशय यावर असतो. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. उबदार आणि ओलसर जागा मिळाली तर एकदोन दिवसांत त्यांतून अळ्या निघतात आणि आठवड्याभरात त्या कातडीतून आत शिरण्याइतक्या तयार होतात. अनवाणी पाय, उघडे गुडघे, मातीत टेकलेला हात, त्यांना काहीही चालतं. ही गोष्ट आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाला कैरोत अपघातानेच कळली. प्रयोग करताना अळ्या असलेलं पाणी त्याच्या हातावर सांडलं, जागा खाजली, लाल झाली, आणि काही काळाने त्याच्याच विष्ठेत अंडी सापडली. १८९८ साली त्याने हे जाहीर केलं तेव्हा बऱ्याच जणांना ते खरं वाटलं नव्हतं.

लूसच्या हातावर सांडले ते माणसाचे आकडीकृमी होते. कुत्र्याचा नेहमीचा आकडीकृमी माणसात शिरला तर सहसा कातडीखालीच भरकटतो आणि नागमोडी, खाजरी रेघ उमटवून काही आठवड्यांनी मरतो. पण त्याचा एक भाऊबंद आहे, ॲन्सायलोस्टोमा सेलॅनिकम. तो कुत्र्यातही नांदतो आणि माणसाच्या आतड्यातही सुखाने मोठा होतो. त्याचं वर्णनही लूसनेच १९११ साली केलं आणि दोनच वर्षांनी बंगालमध्ये तो माणसांत सापडल्याची नोंद झाली. पुढची कित्येक दशकं त्याला किरकोळ पाहुणा मानलं गेलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्याची अंडी माणसाच्या आकडीकृमीच्या अंड्यांसारखीच दिसतात. डीएनए तपासणी आल्यावर चित्र पालटलं. आता आशियात माणसांना होणाऱ्या आकडीकृमींत तो दुसऱ्या क्रमांकाचा मानला जातो. म्हणजे गावात सगळ्यांनी शौचालय वापरायला सुरुवात केली तरी या जंताचा एक रस्ता उघडाच राहतो. कुत्रं काही शौचालयात जात नाही.

अशा अळीला मे महिन्यातल्या जिरायती माळावर फार काळ जगता येणार नाही. पारा चाळिशीवर, माती तापलेली, सावली म्हणजे एखादी बाभूळ. आता शहरात या. बारामतीत कालव्याच्या कडेने झाडं आहेत, बसायला बाकं आहेत. सोसायट्यांच्या बागांना रोज पाणी मिळतं. नळाच्या तोटीखाली, गटाराच्या कडेला, गाड्या धुण्याच्या जागी, कूलरच्या मागे जमीन बाराही महिने ओली असते. इमारतींची सावली दुपारीही हलत नाही. आणि कुत्र्याला उन्हाळ्यात नेमकी हीच जागा हवी असते. ओल्या मातीत खड्डा उकरून ते पोट टेकवून पडतं, जवळपासच विधी उरकतं, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर लहान मुलं खेळायला तिथेच येतात. पावसाने अळ्यांना वर्षातले दोनतीन महिने दिले असते, शहर ते बारा करून देतं. रुई, जळोची, तांदूळवाडी ही काल-परवापर्यंतची गावं आता बारामती शहराच्या हद्दीत आहेत. तिथे शेताचा तुकडा, बंगल्यांची वसाहत, गोठा आणि मोकळा प्लॉट एकमेकांना चिकटून आहेत. शहराचं पाणी आणि गावाची माती एकत्र मिळण्याची ही जागा. माझ्या मते मुंबईसारख्या काँक्रीट ओतलेल्या महानगरापेक्षा वाढत्या तालुक्याच्या गावाची ही कडा जंताला अधिक मानवते.

दुसरा जंत याहून चिवट आहे. टॉक्सोकारा कॅनिस, कुत्र्याचा गोल जंत. वीतभर लांबीचा, शेवयांसारखा, पिल्लाच्या उलटीत दिसणारा. याची एक मादी दिवसाला लाखाच्या वर अंडी घालू शकते आणि अंड्याचं कवच इतकं जाड असतं की सावलीतल्या ओलसर मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. पण यातली एक गोष्ट लोकांच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. ताज्या विष्ठेतल्या अंड्याने कुणाला काही होत नाही. अंड्यात अळी तयार व्हायला एक ते चार आठवडे लागतात. तोवर विष्ठा वाळून, विस्कटून, मातीत मिसळून गेलेली असते. ज्या घाणीकडे बोट दाखवून आई पोराला लांब ओढते ती त्या दिवशी या जंतापुरती निरुपद्रवी असते. महिन्याभराने तिथे काहीच दिसत नाही, आणि धोका तेव्हाच असतो.

ही अंडी मुख्यतः टाकतात ती पिल्लं. मोठ्या कुत्रीच्या शरीरात या जंताच्या अळ्या स्नायूंत वगैरे निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लात जातात. म्हणजे पिल्लू जंत घेऊनच जन्माला येतं. तीन आठवड्यांचं होईतो त्याच्या विष्ठेत अंडी दिसू लागतात. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक करून पावसाळा सरल्यानंतर, थंडीच्या महिन्यांत वितात. वाढत्या शहरात विण्यासाठी त्यांची आवडती जागा म्हणजे अर्धवट बांधलेलं घर: वर स्लॅब, खाली सिमेंटची रिकामी पोती, बाजूला वाळूचा ढीग. वाळूचा ढीग हे गल्लीतल्या पोरांचंही हक्काचं मैदान. तिथे किल्ले होतात, बोगदे होतात, आणि हात न धुता त्याच हाताने बिस्किट खाल्लं जातं.

याच महिन्यांत या भागात आणखी काही घडत असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याची धुराडी पेटतात. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास, कालव्याच्या भरावाखाली, गावाबाहेरच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. आईबाप पहाटे फडात जातात. पोरं मागे कोपीपाशी किंवा फडाच्या बांधावर मातीतच असतात. पाणी लांबून आणायचं, म्हणून हात धुणं परवडत नाही. शौचाला ऊस हाच आडोसा. बैलगाडीबरोबर कधी घरचं कुत्रंही आलेलं असतं आणि कोपीभोवती चार गावची जमतात. माणसाचे जंत, कुत्र्याचे जंत, ओली काळी माती आणि उघडी पोरं, सगळं पाचसहा महिने एकत्र. दुष्काळी जिल्ह्यातून आलेलं पोर इथे बागायती जंत घेऊन परत जाऊ शकतं. साखरेच्या हिशेबात हा खर्च कुठेच धरलेला नसतो.

टॉक्सोकाराची अळी माणसात मोठी होत नाही. तिला कुत्रं हवं असतं, माणूस तिच्या दृष्टीने चुकीचा पत्ता. म्हणून ती यकृत, फुप्फुस, क्वचित मेंदू, क्वचित डोळा असं भटकत राहते. १९५० साली हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन विदुषीने मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले. त्यांतल्या बऱ्याच डोळ्यांत कर्करोगाची गाठ असल्याचा संशय होता. निघाल्या सूक्ष्म अळ्या. पुढे सहा वर्षांनी त्या कुत्र्याच्या जंताच्या आहेत हे ठरलं. अळी माणसात अंडी घालत नसल्यामुळे मलतपासणीत ती कधीच दिसत नाही. बालरोगतज्ज्ञाला रक्तात इओसिनोफिल पेशी फार वाढलेल्या दिसल्या आणि त्याने घरात किंवा दारात पिल्लं आहेत का असं विचारलं, तरच धागा लागण्याची शक्यता. दरवर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. २०१५पासून चाललेला हा उपक्रम फार मोलाचा आहे, पण ती एक गोळी आतड्यातल्या माणसाच्या जंतांसाठी आहे. यकृतात शिरलेली कुत्र्याच्या जंताची अळी तिला दाद देईलच असं नाही. शिवाय गोळी पोरांना मिळते, वाळूच्या ढिगाला मिळत नाही.

शहरातली आणि गावातली कुत्री मोजायची कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी याच बारामती तालुक्यात हाताळलेला आहे. दौंड-बारामती रेल्वेवरचं शिर्सुफळ, शिरसाईच्या देवळाचं गाव. हरीशकुमार तिवारी, अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मोकाट कुत्र्यांचे लागोपाठ काही दिवस फोटो काढले. अंगावरचे ठिपके, कानाची चीर, शेपटीचा वळसा यांवरून कुत्रं ओळखायचं. काल दिसलेलं आज किती वेळा पुन्हा दिसलं यावरून, न दिसलेली किती असतील याचा गणिती अंदाज बांधायचा. वाघांच्या गणतीतही तत्त्व हेच असतं. तशीच मोजणी त्यांनी हरियाणातल्या पंचकुला या आखीव शहरातही केली. शिर्सुफळचं काम २०१८ साली प्रसिद्ध झालं. शिर्सुफळच्या गावकऱ्यांना कुत्री आणि रेबीज यांविषयी काय ठाऊक आहे, काय वाटतं, हेही त्याच सुमारास विचारलं गेलं. दिल्ली-मुंबईच्या वादात ज्या कुत्र्यांविषयी आपण तावातावाने बोलतो त्यांच्यापैकी बहुतेकांना कुणीही असं नीट पाहिलेलं नाही. शिर्सुफळच्या कुत्र्यांना तो मान मिळाला.

शिर्सुफळच्या माळावर आणि इंदापूरच्या कडबनवाडीला आता लोक लांडगे, तरस, चिंकारा पाहायला जातात. कुत्री तिथेही पोचलेली आहेत. पुणे परिसरातल्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या दोन प्राण्यांचं रक्त मिसळू शकतं त्यांचे जंतही सहज इकडून तिकडे जातात. लांडगा आणि खोकड यांना हा आहेर शहराकडूनच जातो. पण ते स्वतंत्र प्रकरण आहे.

तिसरा जंत सर्वांत लहान आणि सर्वांत वाईट. एकिनोकोकस. कुत्र्याच्या आतड्यात तो तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो, दोन ते सात मिलिमीटरचा. एका कुत्र्यात असे हजारो राहिले तरी कुत्रं मजेत असतं. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतानाच तयार असतात, टॉक्सोकारासारखी महिनाभर वाट बघत नाहीत. ती केसांना चिकटतात, भाजीवर पडतात, पाण्यात जातात. माणसाने गिळली की यकृतात, नाहीतर फुप्फुसात, पाण्याने भरलेली गाठ हळूहळू वाढू लागते. वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर. दहापंधरा वर्षांनी पोटात जडपणा वाटतो, सोनोग्राफी होते, आणि नारळाएवढी गाठ निघते. घाईने सुई घालून ती फोडली तर आतलं पाणी पसरून रुग्ण दगावूही शकतो. म्हणून शल्यविशारद तिला फार जपून हात लावतात.

या जंताचं चक्र कुत्र्यावरच संपत नाही. कुत्र्याला तो मिळतो जनावराच्या गाठ असलेल्या कच्च्या यकृतातून किंवा फुप्फुसातून. पुस्तकांत इथे नेहमी मेंढी आणि धनगराचं कुत्रं यांचं चित्र असतं, आणि बारामती-इंदापूरच्या माळावर मेंढरं तर आहेतच. पण मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या कत्तलीच्या जनावरांतल्या गाठी तपासून २००९ साली जे मांडलं ते वेगळं होतं. गाठी जास्त सापडल्या त्या गाईम्हशींत, शेळ्यामेंढ्यांत अगदी तुरळक, आणि जंताचा सर्वाधिक आढळलेला वाण म्हशीशी नातं सांगणारा होता. याचं एक कारण वय असावं. बोकड वर्षभरात कापला जातो, गाठ वाढायला वेळच मिळत नाही. म्हैस दहाबारा वर्षं दूध देते आणि तेवढी वर्षं कुत्र्यांनी घाण केलेल्या गवतात चरते.

दुधाच्या पट्ट्यात म्हणून मेलेल्या जनावराचं काय होतं हे महत्त्वाचं ठरतं. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं मढं गिधाडं तासाभरात साफ करत. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपवली. २००६ साली जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली तोवर उशीर झाला होता. आता ओढ्यात टाकलेलं जनावर कुत्री चारपाच दिवस खातात आणि यकृत-फुप्फुस हे मऊ मांस आधी संपवतात.

शहरात हाच हिशेब दुकानागणिक बदलतो. चिकन सेंटरमागे पिसं, आतडी, मुंडकी यांवर दहा-वीस कुत्री पोसली जातात. भिगवणच्या मासळी बाजारातही तेच. या खाण्याने कुत्र्यांची संख्या वाढते, पण एकिनोकोकसचा जंत त्यांना त्यातून मिळत नाही, कारण कोंबडी आणि मासा त्याच्या चक्रात नाहीत. मटणाच्या दुकानात याउलट कचरा कमी, कुत्री चारदोनच. शेळ्यामेंढ्यांत गाठी तुरळक खऱ्या, पण पाण्याचा फुगा दिसलेलं यकृत गिऱ्हाईक घेत नाही आणि खाटीक ते दारातल्या कुत्र्याला टाकतो. देण्याघेण्यातला सर्वांत धोकादायक तुकडा तोच, आणि तो दयाबुद्धीने टाकलेला असतो. नाक्यावरच्या दोन शेजारी दुकानांपैकी एक कुत्री वाढवतं, दुसरं जंत. आरडाओरडा मात्र पहिल्याविरुद्ध होतो, कारण भुंकणं ऐकू येतं.

आइसलँडने हे कोडं दीडशे वर्षांपूर्वी सोडवलं. १८६३ साली हारल्ड क्राब्बे हा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला. त्याने उघडून पाहिलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे एकचतुर्थांशांत हा जंत निघाला, आणि देशात पाण्याच्या गाठींनी माणसं मरत होती. त्याने साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली: गाठी जाळा किंवा पुरा, कुत्र्याला देऊ नका, कुत्रं कमी ठेवा, त्याला जंताचं औषध द्या. ती घरोघर पोचली. तिथले शेतकरी वाचणारे होते, हिवाळ्याच्या लांब रात्री वाचायला वेळही होता. पुढे कायदा आला आणि काही पिढ्यांत हा रोग आइसलँडमधून गेला.

आपल्याकडे नगरपालिका नसबंदीसाठी कुत्री पकडतात. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रिया होते, रेबीजची लस टोचली जाते, आणि कुत्रं सहसा पुन्हा होतं तिथेच सोडलं जातं. त्या मुक्कामात त्याला जंताचं औषध देणं स्वस्त आहे आणि द्यावंच. नसबंदीने पिल्लं कमी होतात, म्हणजे टॉक्सोकाराची अंडीही कमी होतात. हा फायदा रेबीजच्या गोंगाटात कुणी मोजत नाही. एकिनोकोकसचं गणित मात्र वेगळं आहे. औषधाने आतडं साफ झालेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठ खाऊ शकतं आणि सहासात आठवड्यांत पुन्हा अंडी टाकू लागतं. दर सहा आठवड्यांनी शहरातल्या प्रत्येक मोकाट कुत्र्याला पकडून गोळी भरवणं कुठल्याही नगरपालिकेला जमणार नाही. मटणाची दुकानं त्या मानाने थोडी असतात, परवाना घेतात, एका जागी बसतात. त्यांच्याकडे झाकणाचा डबा ठेवायचा, त्यातलं यकृत-फुप्फुस घंटागाडीत न टाकता वेगळं उचलायचं आणि खोल खड्ड्यात चुन्याखाली, कुत्र्याला उकरता येणार नाही असं पुरायचं. गावाबाहेर मेलेल्या म्हशीसाठी खड्डा मोठा लागतो आणि तो जेसीबीने तासाभरात होतो.